भोंगा आणि दुसरी प्रत

मिठबाव,
कार्तिकातला सोमवार, दुपार

चि. देवेश यास,

मिठबावहून गुरुकाकाचे आशीर्वाद. इकडे सगळे सुखरूप आहोत. हे वाक्य पत्राच्या आरंभी न बघता लिहून टाकायची रीत आहे, पण या खेपेस मी आधी उठून मागच्या दारी गेलो, तुझी काकू सुशीला आणि आमचा जितेंद्र ही दोन्ही माणसं डोळ्यांनी बघितली आणि मगच लिहिलं. तुझी आणि सौ. आकांक्षाची प्रकृती कशी आहे? तिचा खोकला गेला का? नुसता गेला म्हणू नकोस, कधी गेला आणि मध्ये परत आला होता का, तेही कळव. तुम्ही सातव्या मजल्यावर राहता याचा मी हल्ली विचार करत नाही, कारण केला की जेवण जात नाही. कठड्यावर कुंड्या ठेवू नका. (विमा कंपनीत असताना कुंडी पडल्याचा एक दावा माझ्या टेबलावरून गेला होता. कुंडीला काही झालं नव्हतं.)

फोन न करता काका हाताने का लिहीत बसले, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू नुसतं 'हो काका, हो काका' म्हणतोस आणि मागून बटणं बडवल्याचा आवाज येत राहतो. कॉम्प्युटरवर लिहावं तर ज्याची तक्रार करायची त्याच्याच तोंडावर ती करायची, हे मला धाडस वाटतं आणि धाडसाशी माझा संबंध नाही. म्हणून हा कागद. आणखी एक सांगतो, उभा असशील तर आधी बस. या पत्राची दुसरी प्रत मी ठेवलेली नाही. उभ्या जन्मात प्रत न ठेवता लिहिलेलं हे माझं पहिलं पत्र. का, ते पुढे येईलच.

चतुर्थीला आलास तेव्हा तुझा जुना कॉम्प्युटर तू आमच्या वाडीच्या मच्छीमार मंडळाला दिलास, ते चांगलंच केलंस. हवामान खात्याचा इशारा आला की तुझा प्रोग्रॅम तो उतरवून घेणार, एका फोल्डरमध्ये 'धोका-वारा' किंवा 'धोका-लाटा' अशा नावाची फाइल टाकणार, इशारा सरला की ती काढणार, आणि तुझी ती छोटी स्क्रिप्ट थोड्या थोड्या वेळाने त्या फोल्डरात डोकावून बघणार की 'धोका'ने सुरू होणारी एखादी फाइल आहे का. असली तर किनाऱ्यावरच्या खांबावर तांबडा दिवा आणि भोंगा. नसली तर हिरवा दिवा, जा बाबांनो दर्यात. सगळं सोपं. मोदक खाता खाता तू मला पडद्यावर 'धोका*' असं दाखवलंस आणि म्हणालास, काका, ही चांदणी म्हणजे 'पुढे काहीही असो'. हातातला मोदक मी खाली ठेवला तो तेव्हाच. धोका, आणि पुढे काहीही असो! अरे, मुंबईत मी आयुष्यभर दुसरं काय केलं? आगीचे दावे, बुडण्याचे दावे, जिन्यावरून पडण्याचे दावे. माणसाला कुठून काय होऊ शकतं याचं जेवढं वाचन माझं झालं आहे तेवढं देवाचंसुद्धा नसेल.

आता हे यंत्र सांभाळायचं कुणी, यावर मंडळाची बैठक झाली. मी मागे दाराजवळ बसलो होतो (आग लागली तर बाहेर पडायला बरं). अध्यक्ष नानांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून ठेवली. म्हणाले, "गुरुदासानु, तुमका सगळ्याचा भय वाटता, म्हणान ह्या काम तुमीच करूक व्हया. धाडसी माणूस थंय बसान झोपतलो." सगळे हसले. मी पण हसलो, पण खरं सांगू का, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भीतीला कुणी गुण म्हटलं होतं. मी लगेच हो म्हणालो. त्यात माझा स्वार्थही होता, तो तुझ्यापासून कशाला लपवू. जितेंद्रने मुंबईची नोकरी सोडून होडी घेतली त्याला आता दोन पावसाळे झाले, आणि तो दर्यात गेला की परत येईपर्यंत मला खाल्लेलं अन्न लागत नाही. तो दिसत नाही, ऐकू येत नाही, मी नुसता ओटीवर बसून आजवर वाचलेले सगळे दावे आठवत बसतो. वाटलं, निदान त्याच्या वाटेवरच्या दिव्याशी तरी बसू.

पहिला घोटाळा पितृपक्षात, यंत्र पहिल्यांदा चालू केलं त्याच दिवशी झाला. आभाळ धुतल्यासारखं, पाणी तेलासारखं स्वस्थ, फोल्डर रिकामं, एकही इशारा नाही. आणि दुपारी भोंगा वाजायला लागला. देवेश, तो भोंगा तू इकडे असताना ऐकला नाहीस. रेड्याला कुणी तरी अर्धा कापून सोडावं तसा तो ओरडतो. होड्या माघारी फिरल्या, किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारी माणसं दोर टाकून पळाली, तुझ्या काकूने वाळत घातलेले बांगडे ओच्यात भरले, शाळा सुटली. नाना धोतर सावरत आले आणि विचारू लागले, धोका कसला? मी पडद्याकडे बघितलं. तिथे लिहिलं होतं, धोका*. म्हणजे, तूच सांगितलंस तसं, धोका, आणि पुढे काहीही. आता मी काय सांगू? मी दारात उभा राहून सांगितलं की धोका आहे, पण कसला ते ठरलेलं नाही, कुठलाही असू शकतो.

वादळ म्हटलं असतं तर लोक घरात गेले असते. 'कुठलाही' म्हटल्यावर कुणाला कुठे जावं ते कळेना. अख्खी वाडी किनाऱ्यावर उभी. कुणी आभाळाकडे बघतो, कुणी खाडीच्या मुखाकडे, कुणी डोंगराकडे, आणि दोघंतिघं जण गेल्या उन्हाळ्यात भांडलेल्या शेजाऱ्याच्या घराकडे. समुद्र आपला शांत. तसल्या शांत समुद्राची मला जी भीती वाटली तशी खवळलेल्याचीही कधी वाटली नाही. संध्याकाळ झाली, काही आलं नाही. जितेंद्र जाळं अर्धवट कापून आला होता, आत बांगडा गच्च भरला होता म्हणे, तो गेला. माझ्याशी तो फारसा बोलत नाही, पण त्या दिवशी बोलला. "बाबा, दर्यात कायएक नाय. धोको आसा तो तुमच्या पोटात. परत ह्यो भोंगो वाजलो तरी मी काय येवचंय नाय." आणि अंगावरचं खारं पाणी न धुताच जेवायला बसला. मला धोक्याच्या नावापेक्षा त्या वाक्याचीच जास्त भीती वाटली.

मंडळात मग दोन तट पडले, यंत्र ठेवा आणि यंत्र फेका. नाना म्हणाले, देवीला विचारूया. आपला रिवाज तुला माहीत आहे, पण पुण्यात राहून विसरला असशील म्हणून सांगतो. देवीला फुलाच्या दोन पाकळ्या लावतात आणि प्रश्न घालतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवाने यंत्राचा कौल लावला आणि दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या. ज्यांना यंत्र नको होतं ते लगेच म्हणाले, बघा, नाही म्हणाली. गुरव शांतपणे म्हणाला, "एकदम पडली म्हणजे देवीन अजून काय सांगूक नाय. परत इचारूया." परत लावल्या, उजवी पडली, यंत्र राहिलं. हा प्रसंग ध्यानात ठेव, तो पुढे लागणार आहे. मला स्वतःला तो वेळेवर आठवला नाही, हेच माझं दुःख आहे.

त्यानंतर तुला फोन केला तो तुझ्या मीटिंगच्या मध्ये लागला. तू दबक्या आवाजात खुलासा केलास की फोल्डर रिकामं असलं की स्क्रिप्टला जुळणारी फाइल सापडत नाही, आणि मग ती 'धोका*' हे कोरं नावच फाइल समजून हातात घेते आणि वाजत सुटते. (म्हणजे पाहुणा आला नाही म्हणून बोलावण्याची चिठ्ठीच पाटावर बसवून वाढायचं.) मग तू एक ओळ सांगितलीस, ती मी लिहून घेऊन तशीच्या तशी घातली. अर्थ एवढाच की आधी विचार, 'धोका*' अशी फाइल खरोखर आहे का. असेल तर तांबडा, नाहीतर हिरवा. घातली आणि हिरवा दिवा लागला. मी फोन ठेवून पाणी प्यायलो.

आणि खरंच सांगतो, ती ओळ छान चालली. दसऱ्याच्या आधी मोठ्या लाटांचा इशारा आला, 'धोका-लाटा' ही फाइल पडली, भोंगा वाजला आणि दुपारी लाटा रापणीच्या जाळ्यांपर्यंत आल्या. त्या दिवसापासून लोक मला रस्त्यात थांबवून हवा विचारू लागले. दसऱ्याला होडीचं इंजिन, कोयते, वल्ही यांच्या रांगेत कॉम्प्युटरलाही झेंडूचा हार पडला. तुझ्या काकूने त्याला पाणी फिरवलं, ते मी घाईघाईने पुसून घेतलं. जितेंद्रने हाराकडे बघितलं आणि जाताना दिव्याकडे मान वर करून बघून गेला. बापाला तेवढं पुष्कळ होतं.

पण देवेश, मान मिळाला की त्याच्यामागून भीती येतेच. मी बघितलं, त्या फोल्डरात फाइल एकच असते. एकुलती एक. आणि त्या एकीच्या भरवशावर वाडीच्या सगळ्या होड्या. ती पुसली गेली तर? उंदराने काही खाल्लं तर? माझ्याच हाताचा धक्का लागला तर? विमा कंपनीत कागद एकटा कधी ठेवत नाहीत. पहिली गोष्ट शिकवली होती ती हीच की प्रत्येक कागदाची दुसरी प्रत करा आणि मूळ कागदाशेजारीच लावा. तेव्हा मी ठरवलं, यापुढे इशाऱ्याची फाइल आली की लगोलग तिची नक्कल करायची, 'धोका-वारा-दुसरी-प्रत', त्याच फोल्डरात. रात्री झोप इतकी शांत लागली की सुशीलेने उठवून बघितलं.

परवाच्या दुपारी फाइल आली, 'धोका-वारा'. वाचली. जोराचा वारा, संध्याकाळच्या आत. मी लगेच दुसरी प्रत केली, नाव नीट वाचून बघितलं आणि हात मांडीवर ठेवून भोंग्याची वाट बघत बसलो. स्क्रिप्टची डोकावायची वेळ झाली. भोंगा नाही. खिडकीतून खांबाकडे बघितलं तर हिरवा दिवा, आणि त्याच्याखाली जितेंद्र आणि त्याचे जोडीदार होडी पाण्यात ढकलतायत. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली होती, कुठल्यातरी ऑपरेटरची अपेक्षा आहे अशी. मी म्हटलं, ऑपरेटर मीच, आणि खुर्ची पुढे ओढली. काही झालं नाही.

मग मी धावलो. कसा धावलो ते विचारू नकोस. जितेंद्रला हाक मारली, धोका आहे, फाइल मी डोळ्यांनी बघितली आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, वर खांबाकडे बोट केलं. "दिवो हिरवो आसा मां, बाबा? मगे?" आणि इंजिन चालू केलं. त्याचं काय चुकलं? दिवा बघून जा, माझ्याकडे बघू नकोस, हे मीच त्याला शिकवलं होतं. बाकीच्या होड्यांनीही दिवा बघितला आणि त्याच्या मागोमाग गेल्या. मी पाण्यात गुडघ्यापर्यंत उभा. देवेश, मी आयुष्यभर शेकडो गोष्टींना भ्यालो आहे, त्यातल्या बहुतेक झाल्या नाहीत आणि न झाल्याबद्दल मी मनात कधी कुणाचे आभारही मानले नाहीत. पण त्या वेळी जे वाटलं ते त्या शेकड्यातलं नव्हतं. ते निराळं होतं. त्याला आवाज नव्हता.

तसाच परत धावत खोलीत गेलो. आता माझी अक्कल बघ. मला वाटलं, दोन फाइलींनी याचं समाधान होत नाही, म्हणजे धोका कमी पडतोय. म्हणून आणखी प्रती केल्या. तिसरी प्रत, चौथी प्रत, पाचवी प्रत. विम्याच्या नोकरीतसुद्धा एवढ्या कधी काढल्या नव्हत्या. फोल्डर धोक्यांनी भरून गेलं. स्क्रिप्ट डोकावली आणि पडद्यावर इंग्रजीतच नवी ओळ आली, तिचा अर्थ मला लागला तो असा की हे फार झालं. आणि दिवा हिरवाच.

त्या खुर्चीत मग मला गुरव आठवला. दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या. तुझी ती ओळ एकाच नावाचं उत्तर देऊ शकते. चांदणीच्या जागी एक नाव आलं तर ती 'आहे' म्हणते, एकही नसलं तर 'नाही' म्हणते, आणि दोन नावं एकदम आली की ती गोंधळते, काहीतरी पुटपुटते आणि गोंधळाचं उत्तर 'नाही' असं लावून मोकळी होते. म्हणजे एक धोका असेल तर भोंगा, दोन असतील तर चला दर्यात. देवीचा गुरव जे करत नाही ते तुझ्या पुण्याच्या यंत्राने केलं. आणि दुसरी पाकळी लावणारा मी. वारा आणि लाटा असे दोन खरे इशारे एकदम आले असते तरी हेच झालं असतं, हे खरं. पण परवा ते आले नव्हते, परवा दुसरा धोका मी माझ्या हाताने, नीट नाव देऊन, सावधगिरी म्हणून तिथे ठेवला होता.

तेव्हा प्रती पुसायला बसलो. कागदाची प्रत नाहीशी करायची, हे पाप मी जन्मात केलं नव्हतं. प्रत्येक पुसताना वाटे, हीच मूळची असली तर? पाचवी पुसली, चौथी पुसली, तिसरी, दुसरी. एकदा यंत्राने मला खात्री आहे का असं विचारलं, आणि मी मोठ्याने नाही म्हणालो आणि होय दाबलं. शेवटी 'धोका-वारा' एकटी उरली. पुढच्या डोकावणीपर्यंतचा तो वेळ मी कसा काढला, ते मला खरंच आठवत नाही. आणि भोंगा वाजला. रेड्यासारखाच, पण मला सनईसारखा वाटला. खिडकीतून बघितलं तर होड्या फिरत होत्या, आणि जितेंद्रची सगळ्यात पुढे. तो किनाऱ्याला लागला आणि थोड्याच वेळाने वारा आला. जाळ्यांच्या शेडवरचे पत्रे उडून माडाच्या बुंध्याशी पडले, एक होडी उलटली, पण ती रिकामी, वाळूतली. माणूस एकही नाही. मी भिंतीला टेकून तिथेच खाली बसलो.

तेव्हा बाबा, तुझी ती ओळ बदल. सगळ्यांना एकदम विचारू नकोस. फोल्डरातली एकेक फाइल हातात घे, ही खरोखर आहे का ते बघ (चांदणीचं कोरं नाव असेल तर सोडून दे), आणि पहिली खरी सापडली की भोंगा वाजव आणि थांब; मग मागे एक असो की दहा. आणि तिसरी गोष्ट, जी तुम्ही हुशार लोक विसरता: यंत्र गोंधळलं तर हिरवा नको. गोंधळलं तर तांबडा. मी आयुष्यभर तसाच जगलो आहे आणि अजून जिवंत आहे.

कळवण्यासारखं होतं तेवढं सगळं कळवलं. लोभ आहेच, काळजी त्याहून जास्त आहे. सौ. आकांक्षाला आशीर्वाद. कुंड्यांचं बघ.

तुझा,
गुरुकाका

ता. क. : दुसरा बिघाड तेवढा काढ. पहिला, रिकाम्या फोल्डरावर भोंगा वाजायचा, तो राहू दिलास तरी चालेल. रोज नको, ज्या दिवशी जितेंद्र होडी काढायच्या बेतात असेल त्या दिवशी. त्याच्यासाठी एखादं बटण करता आलं तर बघ, माझ्या खुर्चीखाली बसेल असं. बाकी एवढं लांबलचक लिहिलं ते याच्याचसाठी. हे कुणाला बोलू नकोस.

ता. क. दुसरा : पत्र मिळाल्याचं लगेच कळव. प्रत नाही, लक्षात आहे ना?

देवेशा, मी सुशीला काकू लिवतंय. तुझ्या काकांनी पत्र पोस्टात टाकूक माका दिल्यानी, ता मी उघडून वाचलंय. तेंच्या बटणाचा कायएक आयकू नको, दोनव बिघाड काढ. उगाच वाजणारो भोंगो चार दिसांनी कोण आयकणा नाय. आणि एक गजाल. परवा जितेंद्र भोंगो आयकान परत येवक नाय. भोंगो वाजाच्या आदीच तेना होडी फिरवल्यान, बाकीचे तेच्या मागसून फिरले. माका म्हणालो, "आये, बाबा भियतत ता माका जलमापासून म्हायत आसा, पण बाबा धावतत ता मी कधी बघूक नाय. चपला सोडून रेतीतसून खोलीकडे माघारी धावत होते, म्हणान फिरवलंय." ह्या तेंका सांगू नको. कळला तर रोज धावतले, आणि तेंचो गुडघो आधीच दुखता.